संग्रहालयात वस्तुसंवर्धनाची उमेदवारी करायची आहे. सोलापुरातून सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : चाटीगल्लीकर

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला शिकते आहे. पदवीनंतर एखाद्या संग्रहालयाच्या संवर्धन प्रयोगशाळेत सहा महिने ते वर्षभर उमेदवारी करावी, असे गेले वर्षभर मनात आहे, आणि त्याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

या विषयाकडे मी वळले ती घरातल्या एका चोपडीमुळे. पणजोबांचे हातमाग होते, आणि कोणाकडून किती सूत आणले, कोणाला किती मजुरी दिली याचा त्यांचा हिशेब त्या लांबट चोपडीत आहे. पाचवीत असताना मी तिच्या एका फाटलेल्या पानाला सेलोटेप लावली होती. आता ती टेप वाळून गळून पडली आहे, पण तिच्याच रुंदीचा तपकिरी पट्टा कागदावर राहिला आहे आणि त्याखालची चार ओळींची अक्षरे वाचता येत नाहीत. मी जपायला गेले आणि माझ्याच हातून नुकसान झाले, याची हळहळ अजून वाटते. हे का झाले, हे शोधता शोधता कागदाचे रसायनशास्त्र वाचनात आले आणि तेव्हापासून दुसरे काही करावेसे वाटत नाही.

केवळ रसायनशास्त्राची पदवी पुरते का, की चित्रकलेचे शिक्षणही लागते? उमेदवाराला प्रत्यक्ष काय काम देतात? सोलापूरच्या आसपास काही शिकता येईल का, की थेट मुंबई किंवा दिल्लीच गाठावी लागेल? घरी विरोध नाही, परंतु वडिलांचा व्यवसाय लहान आहे आणि बाहेरगावी बिनपगारी राहणे किती दिवस परवडेल, हा प्रश्न त्यांच्याइतकाच मलाही पडतो. चोपडीत काही नोंदी जांभळ्या रंगाच्या आहेत. त्या पानांवरचा डाग पाण्याने पुसून पाहावा का, हेही कृपया सांगावे.

उत्तर : सीनाकाठ

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याला उशीर चालणार नाही. चोपडीला पाणी अजिबात लावू नका. जांभळी अक्षरे बहुधा कॉपिंग पेन्सिलीची असावीत. तिच्या शिसात ॲनिलीन रंग मिसळलेला असतो आणि पाण्याचा थेंब लागताच तो पसरतो. अक्षर तर जातेच, शिवाय मागच्या-पुढच्या पानांवरही जांभळे डाग उमटतात. टेपेचा पट्टा म्हणजे तिच्या चिकट द्रव्याचे हवेतील प्राणवायूमुळे झालेले रूपांतर आहे. ते द्रव्य आधी मऊ होऊन कागदाच्या तंतूंत झिरपते, नंतर तपकिरी व कडक होते आणि दिवसेंदिवस कोणत्याच द्रावकाला दाद देईनासे होते. अनुभवी माणसाच्या हाती जाईपर्यंत ते पान तसेच राहू द्या. पाचवीतल्या मुलीला हे कळणे शक्य नव्हते. मोठमोठ्या दप्तरखान्यांतील कागदांवरही मी हेच पट्टे पाहिले आहेत.

मी मूळचा सोलापूरचा आहे आणि गेली चौदा वर्षे मुंबईत कागदाचे संवर्धन करतो. माझी उमेदवारी सुरू झाली तेव्हा पहिले तीन आठवडे मला एकाही वस्तूवर उपचार करू दिला नाही. नकाशांचा एक गठ्ठा समोर ठेवून प्रत्येक नकाशाचा स्थिती-अहवाल लिहायला सांगितले होते. पहिल्या अहवालात मी 'कडा खराब झाल्या आहेत' असे लिहिले. आमच्या मॅडमनी तो चार वेळा परत केला, कारण खराब म्हणजे काय, हे त्यातून कळत नव्हते: फाटल्या आहेत, दुमडल्या आहेत, की कसरीने खाल्ल्या आहेत, कोणत्या बाजूला, कोपऱ्यापासून किती अंतरावर, किती मिलिमीटर. त्यानंतर त्यांनी खोलीतले दिवे बंद करून एकच दिवा टेबलाच्या पातळीवर आडवा धरला, तेव्हा सरळ उजेडात सपाट दिसणाऱ्या त्याच नकाशावर घड्यांच्या जुन्या रेषा, बोरूच्या टोकाने पडलेल्या खाचा आणि मागून लावलेल्या ठिगळाची कड, असे सगळे वर उठून आले. मी तीन तास पाहिलेल्या नकाशात यातले काहीच पाहिले नव्हते.

उमेदवाराला काय काम देतात, याचे उत्तर यातच पुष्कळसे आहे. छायाचित्रे काढणे, मोजमापे घेणे, मऊ ब्रशने धूळ काढणे, वस्तूच्या मापाच्या आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या बनवणे यातच बराच काळ जातो. मग टाकाऊ कागद मुद्दाम फाडून तो जपानी कागदाच्या तंतूंनी जोडण्याचा सराव करवून घेतात. त्यासाठीची खळ म्हणजे गव्हाचा चीकच होय. आपल्या घरी कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात, त्यातला चिवट भाग पूर्ण वेगळा केला की उरणारे शुद्ध सत्त्व आम्ही वापरतो. ते मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ढवळत शिजवावे लागते आणि थंड झाल्यावर बारीक चाळणीतून पुन्हा पुन्हा गाळावे लागते. ही खळ निवडण्याचे कारण असे की, पन्नास वर्षांनी कोणाला ती जोड काढायची झाली, तर थोड्या ओलाव्याने ती सुटते.

तुम्ही रसायनशास्त्राच्या आहात, तेव्हा हा मुद्दा तुम्हाला लवकर पटेल. उपचार मागे घेता आला पाहिजे, निदान त्याने पुढच्या माणसाची वाट बंद होता कामा नये. महाराष्ट्रातले याचे सर्वांत मोठे उदाहरण अजिंठ्याचे आहे. अजिंठा निजामाच्या राज्यात होते आणि १९२०च्या सुमारास निजाम सरकारने तेथील भित्तिचित्रांच्या जतनासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेले पोपडे त्यांनी पक्के केले, हे त्यांचे मोलाचे काम आहे. परंतु चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले गेले. नवे असताना लाखेने रंग खुलतात. जुनी झाली की ती पिवळी-तपकिरी पडते आणि तिचे रेणू एकमेकांना असे जोडले जातात की ज्या अल्कोहोलमध्ये ती एकेकाळी सहज विरघळत होती, त्यात पुढे विरघळत नाही. ते रोगण इंचाइंचाने काढण्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांच्या पुढच्या पिढ्यांची अनेक वर्षे गेली. त्या इटालियन तज्ज्ञांचा हेतू शुद्ध होता आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणेच ते वागले, म्हणूनच हे उदाहरण मी प्रत्येक नव्या उमेदवाराला सांगतो.

रसायनशास्त्राचा उपयोग रोज होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून यंत्रावर बनलेल्या कागदाला तुरटी आणि राळ यांचा लेप देत असत. त्या तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते, सेल्युलोजच्या साखळ्या तुटत जातात आणि दुमडताच पान मोडते. त्याहून जुनी हातकागदाची पोथी आजही मऊ असते, याचे एक मोठे कारण हे आहे. सामू मोजणे, द्रावक निवडणे, विरल द्रावणे बनवणे या गोष्टी कलाशाखेतून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांना नव्याने शिकाव्या लागल्या. तुम्हाला हात शिकवावा लागेल. चित्रकलेच्या पदवीची अट सगळीकडे नसते, पण रोज अर्धा तास पेन्सिलीने समोरची वस्तू जशी आहे तशी काढा आणि वेगवेगळ्या उजेडांत रंग जुळवण्याचा सराव ठेवा. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळी रंगदृष्टीही तपासतात.

संस्थांविषयी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे स्वतंत्र केंद्र आहे. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन अनुसंधानशाळा १९७६पासून काम करते आणि प्रशिक्षणवर्ग घेते. १९८४मध्ये स्थापन झालेल्या इंटॅक या वारसा-जतनाच्या न्यासाच्या संवर्धन संस्था अनेक शहरांत आहेत. पूर्वी दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात असलेली आणि आता नोएडातील भारतीय विरासत संस्थान या नावाने ओळखली जाणारी संस्था संवर्धनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते. पात्रतेच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात. माझे मत विचाराल, तर आधी दोन-तीन महिन्यांची उमेदवारी करा आणि मगच पदव्युत्तर प्रवेशाचा निर्णय घ्या. दिवसभर वाकून दोन सेंटिमीटर काम करणे आपल्याला झेपते का, हे वर्गात बसून कळत नाही.

उत्तर : भुईकोट

सीनाकाठ यांनी मोठ्या प्रयोगशाळांविषयी लिहिले आहे. मी लहान संग्रहालयाविषयी लिहितो, कारण माझी सारी नोकरी तशा ठिकाणी झाली आणि आता मी सोलापुरात निवृत्त आयुष्य जगतो आहे.

ताई, लहान संग्रहालयात प्रयोगशाळा नसते, संवर्धकाचे पद नसते, पुष्कळदा पुरेसे शिपाईही नसतात. तेथील वस्तू जगतात किंवा मरतात त्या दारे-खिडक्या कधी उघडल्या, छप्पर कोठे गळते आणि कपाटावर ऊन किती वाजता येते यावर. हे काम शिकायला मुंबईला जाण्याची गरज नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि हवा हाडासारखी कोरडी होते. जुलैत त्याच खोलीत भिंतीला ओल येते. नुसत्या उन्हाळ्याची किंवा नुसत्या पावसाळ्याची वस्तूला सवय होते, पण या चढउताराने ती खचते. लाकूड आकसते आणि फुगते. भाजक्या मातीच्या मूर्तीत मुरलेले क्षार पावसाळ्यात विरघळतात, उन्हाळ्यात पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक होतात, आणि दरवर्षी एक पापुद्रा सुटतो.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरचे रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथे सातवाहनकाळातील मातीच्या मूर्ती, मणी आणि प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आहे. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रह तर आपल्याच जिल्ह्यात आहे. दोन्ही ठिकाणी आधी पाहुण्यासारखे जा आणि प्रत्येक वस्तूपुढे दहा मिनिटे उभे राहा. लोखंडी पात्यावर कोठे गंज आहे, मुठीजवळ का अधिक आहे, पितळेवरचा हिरवा थर गुळगुळीत आहे की पिठासारखा, हे वहीत लिहून आणा. तो फरक महत्त्वाचा आहे. तांब्या-कांशाच्या वस्तूवर गुळगुळीत, घट्ट हिरवा थर असेल तर तो बहुधा तिचे रक्षणच करतो. फिकट हिरवी भुकटी फुटून खाली सांडत असेल, तर आतल्या क्लोराइडमुळे धातूची झीज चालू आहे आणि ती वस्तू तातडीने कोरड्या हवेत हलवली पाहिजे. मी नोकरीला लागलो तेव्हा ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. एका घरातून देणगीदाखल आलेली लहानशी मूर्ती आम्ही चिंच लावून लख्ख केली आणि सगळ्यांनी कौतुक केले. दोन पावसाळ्यांत तिच्या चेहऱ्यावर खड्डे पडले. तो चेहरा मला अजून आठवतो.

हत्तरसंग कुडलही अवश्य पाहा. भीमा-सीनेच्या संगमावरील संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा, मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. तेथे गेल्यावर अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, पीठ किंवा तेल भरण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. बाजूने पाडलेल्या विजेरीच्या उजेडात लेख सुरेख वाचता येतो. वर सीनाकाठ यांनी नकाशासाठी सांगितलेली युक्ती दगडालाही तशीच लागू पडते. ओल्या कागदावर ब्रश ठोकून ठसा घेण्याची पद्धत आहे, पण ती परवानगीशिवाय आणि शिकल्याशिवाय करू नये.

चोपडीसाठी एक घरगुती उपाय सांगतो: पानांत कडुनिंबाची वाळलेली पाने आणि वेखंडाचे तुकडे ठेवावेत, म्हणजे कसर लागत नाही.

उत्तर : सीनाकाठ

भुईकोट काकांचे उत्तर मी स्वतः जपून ठेवणार आहे. एकाच ठिकाणी नम्रपणे दुरुस्ती सुचवतो. कडुनिंब किंवा वेखंड पानांच्या आत ठेवू नये, कारण पाल्याचा अंश कागदावर उतरून डाग पडतात आणि पाने फुगून बांधणी सैल होते. ठेवायचेच असेल, तर पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात, चोपडीला स्पर्श होणार नाही असे ठेवावे. डांबरगोळ्या मात्र नकोतच. त्या माणसाच्या प्रकृतीलाही अपायकारक आहेत. कसरीवर खरा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा चोपडी उघडून पाहणे आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवणे.

उत्तर : ताणाबाणा

मी सोलापूरच्या पूर्वभागातल्या विणकर घरातली आहे आणि तीन वर्षांपूर्वी मुंबईत वस्त्रसंवर्धनाची सहा महिने उमेदवारी केली आहे. तुमच्या घरी हातमाग होते हे वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही.

मुलाखतीत मला विचारले होते की, या कामासाठी तुमच्याकडे काय आहे. मी अंकसूचीतले गुण सांगत बसले. खरे तर मला ताणा आणि बाणा बोटांनी ओळखता येतो, खळ दिलेले सूत आणि धुतलेले सूत यांतला फरक डोळे मिटून कळतो, हे सांगायला हवे होते. पहिल्याच महिन्यात एका जुन्या चौकडीच्या वस्त्राची पाहणी करताना हे ध्यानात आले. त्यातले सगळे लाल आणि पांढरे धागे शाबूत होते, आणि काळे तेवढे जागोजागी तुटून गेले होते. जुना काळा रंग पुष्कळदा लोह आणि हिरड्यासारख्या तुरट द्रव्यापासून करत. त्यातले लोहच पुढे धाग्याला आतून जाळते. घरी आजी नेहमी म्हणायची की काळी किनार आधी जाते. तिच्या त्या बोलण्यामागचे रसायन मला प्रयोगशाळेत कळले. तुमच्या अर्जात घरच्या मागांविषयी आणि त्या चोपडीविषयी जरूर लिहा, टेपेची गोष्टही लपवू नका.

कामाविषयी सांगायचे तर, सहा महिन्यांत मी एकही साडी 'दुरुस्त' केली नाही. कापडावर जाळी ताणून त्यावरून अगदी कमी ओढीच्या यंत्राने धूळ काढली. रंग सुटतो का, हे पाहण्यासाठी धाग्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून टिपकागद दाबला, आणि अशा शंभरएक चाचण्या नोंदवल्या. मांजरपाट खळ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुतला, कारण वस्तूला लागणारे कापड आधी स्वच्छ असावे लागते. घड्या घालून ठेवलेली वस्त्रे रुंद नळीवर गुंडाळली, कारण जरीची तार घडीवरच मोडते. कागद आणि कापड यांच्यावर पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड पडू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणून दालनात उजेड मोजत फिरले. उजेडाने झालेले नुकसान अंधारात ठेवून भरून येत नाही, ते साचतच जाते.

आता पैशांविषयी, कारण यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मला विद्यावेतन मिळाले नाही. चौघींत एक खोली, डबा आणि लोकल यांवर घरचे पैसे गेले, आणि महिन्यातून एकदा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी घरी येत असे. मला ते परवडले, कारण भावाने तेवढे महिने भार उचलला. ज्यांच्या घरी असे कोणी नसते त्यांच्यासाठी हे क्षेत्र जवळजवळ बंदच राहते, आणि हा मला या व्यवसायातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. म्हणून होकार देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचारा: विद्यावेतन आहे का, कोणाच्या हाताखाली काम करायचे आहे, द्रावक वापरताना वायुवीजन आणि मुखपट्टीची सोय आहे का, आणि शेवटी केलेल्या कामाचे प्रमाणपत्र व आपल्या अहवालांच्या प्रती मिळतील का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले नाही, तर ती जागा सोडून द्या. माझ्या एका मैत्रिणीला बंद खोलीत ॲसिटोन हाताळायला लावले होते आणि तिने पंधरा दिवसांत ते काम सोडले. तिने योग्यच केले.

प्रश्नकर्तीचे उत्तर : चाटीगल्लीकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वडिलांना सगळी उत्तरे वाचून दाखवली. विद्यावेतन नसेल तर तीन महिन्यांपुरते पाठवता येईल, असे ते म्हणाले. त्यामुळे परीक्षेनंतर आधी तीन महिन्यांसाठीच अर्ज करायचे ठरवले आहे. त्यापूर्वी येत्या दोन रविवारी अक्कलकोट आणि तेर पाहीन. कपाट भिंतीपासून पुढे ओढले. मागे वाळवीची एक वाळलेली माती-नळी होती, ती जुनी आहे असे सुताराने सांगितले, तरी भिंत उकरून घेतली.

चोपडीच्या त्या पानाचा स्थिती-अहवाल लिहून पाहिला आहे. कृपया पाहावा.

'पान क्रमांक १७. यंत्रावर बनवलेला कागद, पिवळसर. उंची ३१२ मि.मी., रुंदी ११८ मि.मी. मजकूर काळ्या शाईत, पाच नोंदी जांभळ्या. उजव्या कडेपासून आत ४६ मि.मी. लांबीची आडवी फाट. फाटीवर १९ मि.मी. रुंदीचा तपकिरी पट्टा, टेपेचा वरचा थर गळालेला. खालच्या डाव्या कोपऱ्यात ओलाव्याचा डाग. वरच्या कडेला कसरीची तीन छिद्रे.'

उत्तर : सीनाकाठ

माझ्या पहिल्या अहवालापेक्षा हा पुष्कळ चांगला आहे. 'ओलाव्याचा डाग' हे मात्र तुमचे अनुमान आहे. आधी रंग, आकार आणि मापे लिहा. डागाची कड मध्यापेक्षा गडद आहे का, तो मागच्या बाजूला उतरला आहे का, आणि सोळाव्या व अठराव्या पानांवर त्याच जागी दिसतो का, हे पाहा. तिन्ही छिद्रे पुढच्या पानांतही त्याच ओळीत जातात का, तेही तपासा. पाने उलटताना चोपडी पूर्ण सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना घडी केलेल्या मऊ पंच्यांचा आधार द्या. दुसरा अहवाल इथेच टाका, आम्ही वाट पाहतो.